मे महिन्यात कोयता नको: वादळाची तयारी आणि परसातले शेजारी, दोन्ही सांभाळायचे कसे

आमच्या मागीलदारी गोठ्याला लागून एक जुना बेहडा आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळानं वाडीतल्या निम्म्या पोफळी मोडल्या, गोठ्याचे पत्रे उडवून शेजाऱ्यांच्या आगरात नेऊन टाकले, पण बेहडा हलला नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याकिनाऱ्यानं वर गुजरातकडे गेलं आणि घरात सगळ्यांनीच धसका घेतला, म्हणून वादळ सरल्यावर आठवड्याभरात पाडेल्याला, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणाऱ्याला, बोलावून गोठ्यावर आलेली मोठी फांदी उतरवायला घेतली. तो वर चढला, दोन घाव घातले आणि थांबला. "दादा, हितं आत कायतरी हाय, चोच दिसते." मी खालून म्हटलं, असेल काहीतरी, तू उरक लवकर, आभाळ भरून आलंय.

फांदी खाली आली आणि ढोली फुटली. आत ककणेराची मादी होती आणि एक पिल्लू. पिल्लू गेलं. मादीला धड उडता येईना, वनविभागाचे लोक येऊन घेऊन गेले. नर मात्र पुढचे तीन दिवस सकाळी सकाळी येऊन त्या तोडलेल्या खुंटावर बसायचा, चोचीत काजऱ्याचं केशरी फळ, इकडे मान तिकडे मान, आणि मग उडून जायचा. माझ्या आईनं त्या दिवसांत मागचं दार उघडलंच नाही.

ककणेर म्हणजे धनेश. मादी साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये ढोलीत जाते, दार आतून लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि पावसाच्या तोंडापर्यंत नर तिला आणि पिल्लांना बाहेरून भरवतो. म्हणजे आपण ज्या महिन्यात "पावसाआधी झाडं छाटून घेऊ" म्हणतो नेमक्या त्याच महिन्यात ढोल्या भरलेल्या असतात. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यानंतर मी घराची तयारी वेगळ्या हिशोबानं करायला लागलो, आणि गंमत म्हणजे घर आधीपेक्षा जास्त सुरक्षित झालं, कारण कामं घाईत होत नाहीत. खाली ते सगळं क्रमानं लिहितोय. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्गातल्या गाववाल्यांसाठी आहे, गोव्यातही बरंचसं चालेल. मुंबईत राहून गावच्या घराची फोनवरून काळजी करणाऱ्यांनी तर नक्की वाचा कारण मे महिन्यात सुट्टीला येऊन दोन दिवसांत सगळं उरकायची सवय तुमचीच आहे.

पायरी १: झाडांचं काम दिवाळी ते जानेवारी

पाऊस संपला, जमीन थोडी सुकली, की झाडं बघायची. घरापासून झाडाच्या उंचीएवढं अंतर मोजा, त्या अंतरात जे झाड येतं तेवढंच आपल्या कामाचं, बाकीच्यांना हात लावायची गरज नाही. प्रत्येक झाडाखाली उभं राहून चार गोष्टी बघायच्या. बुंध्याशी माती एका बाजूनं उचललीय का, खोडावर भूछत्रं आलीत का, दोन फांद्या जिथे फुटतात तिथे चीर आहे का, आणि छपरावर आलेली सुकी फांदी आहे का. ह्यातलं काही नसेल तर झाड नुसतं मोठं आहे म्हणून तोडू नका. वाऱ्याला आडवी उभी असलेली जुनी झाडं घराचा अर्धा मारा स्वतः खातात, ती काढली की वारा थेट कौलांवर.

मग ढोल्या. सकाळी सातला आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी अर्धा-अर्धा तास, पन्नासेक फुटांवरून गुपचूप बसून बघायचं. भोकाखाली खोडावर विष्ठेचे पांढरे ओघळ असतील, खाली फळांच्या बियांचा ढीग असेल, किंवा केस आणि बारीक हाडं असलेल्या राखाडी गोळ्या पडलेल्या असतील तर आत कोणीतरी आहे. त्या गोळ्या घुबडाच्या, उंदीर खाऊन न पचलेलं तो ओकून टाकतो. घुबड बघून घाबरणारे लोक अजून आहेत, त्यांना मी एवढंच सांगतो की भाताच्या कणगीजवळ फुकटचा राखणदार बसलाय, त्याला कशाला हाकलता. हिवाळ्यातही एक अपवाद आहे, समुद्रगरुड. किनाऱ्यावरच्या उंच झाडावर काटक्यांचं हे एवढं मोठं घरटं, लांबून दिसतं, आणि त्याचा विणीचा काळ नेमका थंडीत असतो. ते झाड त्या वर्षी सोडून द्यायचं.

फांदी उतरवायची रीत पाडेल्याला सांगा कारण बहुतेक जण एका घावात काम करायला बघतात आणि फांदी खाली येताना खोडाची साल हातभर सोलून घेऊन येते. आधी खोडापासून फूटभर लांब, खालच्या बाजूनं एक तृतीयांश कापायचं. मग त्याच्या चार बोटं पुढे वरून कापायचं, फांदी सुटून पडते. राहिलेला खुंट तिसऱ्या घावात, खोडाला जी फुगीर गाठ असते ती शाबूत ठेवून. कापलेल्या जागेवर बोर्डो पेस्ट, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, मोरचूद प्लास्टिकच्या बादलीत भिजवा, लोखंडी नको.

आणि मेलेलं झाड पूर्ण पाडायलाच हवं असं नाही. घरापासून वीस फुटांवर असेल तर बारा फुटांवर छाटून खोड उभं ठेवा. ते पडलं तरी घरापर्यंत पोचत नाही. आमच्या बेहड्याजवळच्या एका मेलेल्या पांगाऱ्याचं मी असं केलं, पुढच्याच वर्षी तांबटानं त्यात भोक पाडलं, दिवसभर ती टुक टुक.

आंबा, फणस, जांभूळ, साग, ऐन, किंजळ अशी झाडं मुळापासून तोडायला परवानगी लागते, स्वतःच्या जागेत असली तरी. छाटणीचं वेगळं, पण तरी गावच्या वनरक्षकाला एक फोन टाकून ठेवा, पुढचे वाद वाचतात.

पायरी २: वणवा आणि पातेरा

फेब्रुवारी-मार्चमध्ये सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, आणि डोंगरात जाळायची जी सवय आहे त्याबद्दल एकच सांगतो. वरचं गवत आणि पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, जळला की पहिल्या पावसात माती सुटते आणि ती सगळी तुमच्या पऱ्यात, म्हणजे ओढ्यात, येऊन बसते, आणि पऱ्या तुंबला की पाणी अंगणात. परसातला पातेरा पण जाळू नका, माडा-पोफळींच्या आळ्यात घाला. फक्त घराच्या भिंतीपासून सहा-सात फूट जागा स्वच्छ मोकळी पाहिजे, त्याचं कारण पुढे सापांच्या भागात येतंय.

पायरी ३: उन्हाळा

किनाऱ्यावर कमाल तापमान ३७ अंशांच्या वर आणि नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त गेलं की हवामान खातं उष्णतेची लाट म्हणतं, देशावर हीच मर्यादा ४० अंशांची आहे. दमट हवेत ३७ काय करतं ते आपल्याला माहिती आहे, घाम सुकतच नाही. अकरा ते चार बागेतलं काम बंद, कोकम सरबत मीठ घालून, वगैरे वगैरे, हे तुम्हाला कोणी शिकवायला नको.

पाण्याचं भांडं ठेवता ते चांगलंच, पण मातीचं, पसरट, दोन इंचांपेक्षा खोल नको आणि मधोमध एक दगड, म्हणजे मधमाशी बुडत नाही. रोज घासायचं. न घासलेलं भांडं म्हणजे डासांची नर्सरी आणि पक्ष्यांना रोग. एक भांडं जमिनीवर पण ठेवा कारण मुंगूस, सापसुरळी वर चढून येत नाहीत पाणी प्यायला. ह्याच भांड्यापाशी बसून मी जेवढे प्राणी पाहिले तेवढे जंगलात जाऊन पाहिले नाहीत, एप्रिलमधल्या एका दुपारी तर हळद्या, बुलबुल, आणि खाली चक्क घोरपड, तिघं एकाच वेळी.

पायरी ४: पऱ्या, गटारं आणि दरड, १५ मेच्या आत

पऱ्याची साफसफाई मे अखेरपर्यंत ढकलायची नाही, त्यालाही कारण आहे. तिबोटी खंड्या. चिमणीएवढाच असेल, निळा-केशरी-जांभळा, रायगड जिल्ह्याचा पक्षी. पावसाच्या तोंडावर कोकणात येतो आणि ओढ्याकाठच्या मातीच्या उभ्या दरडीत बीळ खोदून अंडी घालतो. जूनमध्ये कोणी फावडं घेऊन दरड तासली की बीळ गेलंच. म्हणून तळातला गाळ, प्लास्टिक, अडकलेले ओंडके मेच्या पहिल्या पंधरवड्यात काढून टाका, आणि दरडीची माती तशीच राहू द्या. हल्ली पऱ्याला दोन्ही बाजूंनी सिमेंट मारायची फॅशन आलीय, त्यानं पाणी जोरात वाहतं आणि खालच्याच्या घरात शिरतं, खंड्याची जागा जाते ती वेगळीच. अजून एक, हा पक्षी रात्री प्रवास करतो आणि काचेवर आपटतो, तेव्हा जूनच्या सुरुवातीला मोठ्या काचांना रात्री पडदे लावा, ओटीवरचा झगझगीत दिवा बंद.

डोंगरउतारावर घर असेल तर हे काम सगळ्यात महत्त्वाचं. माळीण ३० जुलै २०१४, तळीये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही दरडी जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात कोसळल्या, म्हणजे डोंगर महिनाभर पाणी पिऊन जड झाल्यावर. घराच्या वरच्या बाजूला जाऊन बघा. जमिनीला आडवी चीर आहे का, विजेचे खांब आणि झाडं कललीत का, गडगा, म्हणजे दगडी बांध, फुगलाय का. पावसात ह्यात आणखी भर पडते, दारं-खिडक्या अचानक अडकायला लागतात, नेहमीचा झरा गढूळ होतो किंवा बंद पडतो, नको तिथे नवीन झरा फुटतो. ह्यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, गुरं सोडायची, माणसं घ्यायची, निघायचं.

पायरी ५: आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी, पण उंदराला आमंत्रण न देता

सुकट, सोडे, आमसुलं, पापड, कुळथाचं पीठ, तांदूळ, लाकूडफाटा, शेणी, हे आपल्याकडे पिढ्यानपिढ्या चालतंय. निसर्गनंतर आमच्या वाडीत पाच आठवडे वीज नव्हती, नेटवर्क नव्हतं, आणि त्या दिवसांत कळलं की आजीची आगोट आणि सरकारी पुस्तिकेतला आपत्कालीन साठा ह्यात काडीचा फरक नाही. त्यात आता एवढी भर घालायची: प्यायच्या पाण्याचे भरलेले कॅन, बॅटरी आणि सुटे सेल, पॉवर बँक, सेलवर चालणारा रेडिओ, गोळ्या-औषधं महिन्याभराची, रोख पैसे कारण वीज नसली की यूपीआय पण नाही, सातबारा-आधारच्या झेरॉक्स प्लास्टिकच्या पिशवीत, आणि बऱ्यापैकी जाड सुंभ किंवा नायलॉनची दोरी.

आता मुद्दा असा की धान्य आलं की उंदीर येतो, उंदीर आला की साप येतो. साप तुमच्यासाठी येत नाही. म्हणून धान्य पत्र्याच्या डब्यात, घट्ट झाकण. लाकडं पडवीत भिंतीला टेकून रचायची आपली पद्धत आहे ती बदला, जमिनीपासून फूटभर उंच माच करून, भिंतीपासून हातभर लांब, वरून झडप किंवा ताडपत्री. लाकूड उचलताना आधी काठीनं ठोकायचं, मग हात. चिऱ्यांचा ढीग अंगणात ठेवला असेल तर तो पावसाआधी हलवा, आणि हलवताना हातमोजे आणि गमबूट, कारण आपल्या कातळावर फुरसं भरपूर. हातभर लांबीचं, मातीच्या रंगाचं, वेटोळं करून खवले घासतं आणि कुरकुर-खरखर आवाज काढतं. तो आवाज आला की मागे व्हायचं, बस.

पायरी ६: साप-विंचू, थोडं सविस्तर

आपल्याकडे माणसाला धोकादायक म्हणून चार लक्षात ठेवा, नाग, घोणस, फुरसं, आणि मण्यार. बाकी धामण, दिवड, कवड्या, हरणटोळ, ह्यांच्यापासून जिवाला धोका नाही. पावसाच्या पहिल्या आठवड्यात बिळांत पाणी शिरतं आणि सगळेच वर येतात, त्यामुळे "ह्या वर्षी साप वाढलेत" असं दरवर्षी वाटतं. धामण परसात दिसली तर राहू द्या, तिच्याएवढे उंदीर तुमचं मांजर खात नाही.

मण्यारची गोष्ट वेगळी, ती रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, चावल्याचं पुष्कळदा कळतच नाही, दुखत नाही, सूज नाही. पहाटे पोटात दुखायला लागतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही. पावसाळ्यात पहाटे कोणाला असं झालं तर पित्त समजून घरी थांबू नका. ह्यावर साधा उपाय, खाटेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा गादीखाली खोचा.

चावलाच तर माणसाला आडवं करा, धीर द्या, अंगठी-बांगड्या-घड्याळ काढा, हात किंवा पाय फळी लावून न हलेल असा सैल बांधा, वेळ लिहून ठेवा आणि १०८ ला फोन. आवळून दोरी बांधायची नाही, ब्लेडनं कापायचं नाही, चोखायचं नाही, आणि मांत्रिकाकडे अर्धा तास घालवायचा नाही. सापाला मारून पिशवीतून न्यायचीही गरज नसते, कारण आपल्याकडची लस ह्या चौघांवर एकच असते. आत्ताच, पावसाआधी, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात फोन करून लस आहे का विचारा आणि तो नंबर दाराच्या मागे चिकटवा. लाल विंचू चावला आणि घाम सुटला, हातपाय गार पडले, उलट्या व्हायला लागल्या तर तेवढ्याच घाईनं दवाखाना. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ह्याच विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार शोधला, त्याआधी कोकणात विंचवानं माणसं जायची, आता वेळेत पोचलं तर वाचतात.

घरात साप शिरला तर एकानं लांबून त्याच्यावर नजर ठेवायची आणि दुसऱ्यानं वनविभागाच्या १९२६ वर फोन करायचा. स्वतः पकडून व्हिडिओ काढणारा वीर प्रत्येक गावात एक असतो, त्याच्या नादी लागू नका, ते कायद्यानं गुन्हाही आहे.

पायरी ७: खबर कुठून घ्यायची

कावळ्यानं आंब्यावर-वडावर घरटं केलं तर पाऊस चांगला आणि काटेरी झाडावर केलं तर दुष्काळ, हे ऐकत आपण मोठे झालो. चातक आला, पावशा "पेर्ते व्हा" ओरडला, काजवे चमकले, की मृग जवळ आला हेही खरं, चातक मान्सूनच्या वाऱ्यांबरोबरच येतो. मी हे सगळं वहीत लिहितो, तारीख टाकून. नवरंग पक्षी कधी ऐकला, अंगणात पिवळाजर्द झालेला बैलबेडूक कधी दिसला. पाच-सहा वर्षांची वही झाली की मजा येते बघायला. ई-बर्ड किंवा आयनॅचरलिस्ट ह्या निसर्गनोंदींच्या साइटवर टाकलं तर अभ्यासकांनाही उपयोग होतो, फक्त ककणेराच्या ढोलीचा किंवा खवल्या मांजराचा नेमका पत्ता कुठेही जाहीर करू नका, शिकारी पण मोबाईल वापरतात.

पण वादळाची खबर कावळा देत नाही. त्यासाठी मोबाईलवर हवामान खात्याचं मौसम, विजेसाठी दामिनी, आणि आपत्तीच्या इशाऱ्यांसाठी सचेत, ही तीन अ‍ॅप. इशाऱ्यांचे रंग लोकांना नीट माहीत नसतात म्हणून सांगतो, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे आता हालचाल करा. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर मुसळधार, ११५.६ च्या वर अतिमुसळधार, २०४.५ च्या वर अतिवृष्टीचं टोक. हे आकडे घरीच मोजता येतात. सरळ उभ्या बाजूंचा, तळ सपाट असलेला डबा उघड्या जागी ठेवा, झाडाखाली नाही, पागोळीखाली नाही, आणि रोज सकाळी साडेआठला पट्टी बुडवून वाचा. आपल्या वाडीत वीस सेंटिमीटर पडलाय आणि तालुक्याच्या बातमीत आठ सांगतायत, असं होतं, डोंगराच्या कुशीत तर नेहमीच. चिपळूणसारख्या खाडीच्या शहरात ह्याच्या जोडीला भरतीचं वेळापत्रक बघा. अमावस्या-पौर्णिमेचं उधाण आणि वरून मुसळधार एकाच वेळी आले की वाशिष्ठीचं पाणी समुद्रात जायला जागाच उरत नाही. चिपळूणकरांना अजून एक, पाणी भरलेल्या रस्त्यावर रात्री मगर फिरताना दिसलीय, तेव्हा गुडघाभर पाण्यातून अंधारात चालत जाणं तसंही नको.

विजेचं: चमकल्यावर तीस मोजायच्या आत गडगडलं तर लगेच घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. एकट्या झाडाखाली, माडाखाली उभं राहायचं नाही. शेतात अडकलात तर पाय जुळवून उकिडवे बसा, आडवे पडू नका.

पायरी ८: वादळाचा इशारा आला, शेवटचे ४८ तास

इथे प्राण्यांचं कौतुक बाजूला, आधी माणसं आणि गुरं. माडाची सुकी झापं आणि तयार नारळ उतरवा, वाऱ्यात नारळ म्हणजे तोफेचा गोळा. अंगणातलं सगळं सुटं सामान आत. पत्र्यांचे हुक तपासा, पत्र्यावरून आडवे वासे टाकून ते दोरीनं खांबांना बांधा, नुसते दगड ठेवू नका, दगड उडून खाली येतात. कौलांत कोन्याची आणि कडेची ओळ आधी जाते, तिथे सिमेंट किंवा तार. बोटी वर ओढून बांधा. पाण्याची टाकी भरून ठेवा, रिकामी टाकी उडते.

गुरांना दाव्यानं बांधून ठेवू नका. गोठा पडला तर ती अडकून मरतात, निसर्गमध्ये आमच्या ओळखीत एकाची गाभण म्हैस अशीच गेली. पक्क्या इमारतीत हलवा, नाहीतर मोकळी सोडा. कुत्र्याचं पण साखळीचं तेच.

वादळ चालू असताना घरातल्या मधल्या खोलीत, खिडक्यांपासून लांब, मेन स्विच बंद, गॅस बंद. वारा एकदम थांबला आणि ऊन पडल्यासारखं झालं तर बाहेर पळू नका, तो वादळाचा डोळा असू शकतो, थोड्या वेळानं वारा उलट्या बाजूनं त्याच जोरानं येतो आणि आधी खिळखिळं झालेलं तेव्हा पडतं.

पायरी ९: वादळ गेल्यावर

पहिल्यांदा तारा. पडलेली तार मेलेली आहे असं कधीच धरायचं नाही. मग विहीर. पुराचं पाणी शिरलं असेल तर उपसून घ्या आणि ब्लिचिंग पावडर टाका, हजार लिटरला अडीच ग्रॅम. समजा विहीर तीन मीटर रुंद आणि चार मीटर पाणी, तर साधारण अठ्ठावीस हजार लिटर, म्हणजे सत्तर ग्रॅम. बादलीत कालवून, गाळ खाली बसू देऊन वरचं निवळ पाणी विहिरीत सोडा, तासभर थांबा, आणि तरीही प्यायचं पाणी उकळूनच. विहिरीत मासे सोडले असतील तर आधी जाळीनं काढून पिंपात ठेवा, नाहीतर दुसऱ्या दिवशी वर तरंगताना दिसतील. चिखलात अनवाणी फिरायचं नाही, पायाला जखम असेल आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला पुराच्या पाण्यात गेलो होतो हे सांगा, लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस तापाची) शंका त्यांना लगेच येते.

बिनकठड्याची विहीर असेल तर आत डोकवा. पावसात बिबट्या, कोल्हा, रानडुक्कर पडलेलं असतं. एक जाड फळी किंवा दोरीनं बांधलेली बाज पाण्यात सोडा म्हणजे त्याला टेकायला जागा मिळते, गर्दी हटवा, १९२६ ला फोन. आणि पुढच्या हिवाळ्यात कठडा बांधा.

पडलेल्या घरट्यातलं पिल्लू सापडलं, पिसं नसलेलं, तर तेच घरटं किंवा करंडी झाडावर बांधून त्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात ही निव्वळ समजूत आहे. समुद्रावरच्या मोठ्या वाऱ्यात कधी कधी भलतेच पक्षी किनाऱ्यावर येऊन पडतात, बूबी, फ्रिगेट, टर्न. ते बहुतेकदा जखमी नसतात, थकलेले असतात. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा. चोच उघडून पाणी ओतायचं नाही, फुप्फुसात जातं. आणि "समुद्राचा आहे ना" म्हणून परत लाटेत फेकायचं तर अजिबात नाही. कासवाचं पण तेच, जाळ्यात गुरफटलेलं ऑलिव्ह रिडले किनाऱ्यावर आलं तर पाण्यात ढकलू नका, ते बुडतं. सावलीत, पाठीवर ओलं फडकं, नाकपुड्या मोकळ्या, आणि वनविभाग किंवा कांदळवन कक्षाला कळवा. वेळास-आंजर्ल्याकडे कासवांचं काम करणारी मुलं आहेत, त्यांना फोटो पाठवला की काय करायचं ते नीट सांगतात. समुद्री साप वाळूवर दिसला तर मेलेला वाटला तरी हात नको, विषारी असतो.

पायरी १०: उन्मळलेलं उभं करणं आणि नवीन लावणं

पाच-दहा वर्षांचं आंब्या-काजूचं कलम मुळासकट आडवं झालं असेल आणि एका बाजूची मुळं अजून जमिनीत असतील तर ते वाचतं, पण आठवड्याच्या आत. आधी फांद्या छाटून वरचा भार कमी करा, तुटलेली मुळं धारदार कोयत्यानं साफ कापा, मग चार माणसं लावून हळूहळू उभं करा, खड्ड्यात माती-शेणखत दाबा, तीन बाजूंनी टेकू, कापलेल्या जागी बोर्डो. एकदम सरळ करायला जाऊ नका, जिवंत मुळंही तुटतात, थोडं कललेलं राहिलं तरी फळ तेवढंच देतं.

नवीन लावताना गुलमोहर आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ पुन्हा लावू नका. गुलमोहर मादागास्करचा, फुलं छान पण मुळं वरवर आणि लाकूड ठिसूळ. किनाऱ्याच्या बाजूला उंडी, करंज, भेंड, केवडा, वाळूवर मर्यादवेल पसरू द्या, ती वाळू धरून ठेवते. कासवं जिथे येतात त्या वाळूत सुरूची दाट लागवड नको, अंडी घालायला मोकळी वाळू लागते. खाडीकाठी तिवर-चिपी, म्हणजे खारफुटी, असेल आणि ती तोडून कोणी भराव टाकत असेल तर ग्रामसभेत बोला, उधाण पहिल्यांदा तिथे अडतं. घराच्या बाजूला बकुळ, सुरंगी, रातांबा, आणि थोडं लांब, पस्तीस-चाळीस फुटांवर, एखादा उंबर किंवा बेहडा, हा फक्त ककणेरासाठी. घराच्या नैर्ऋत्येला एका ओळीत न लावता दोन-तीन ओळींत, एकाआड एक, पुढे झुडपं मागे उंच. भिंतीसारखी सलग ओळ लावली की वारा तिच्यावरून उडी मारून नेमका छपरावर उतरतो.

खड्डे मेमध्ये खणून ठेवा, रोपं मृगाचे दोन-चार पाऊस पडून गेल्यावर लावा, रोपाला काठी बांधताना सैल बांधा म्हणजे खोड हलतं आणि जाड होतं. पहिली दोन वर्षं गुरांपासून कुंपण. माझ्या बेहड्याच्या रोपांना सध्या शेजाऱ्यांच्या शेळ्यांचा फार त्रास आहे, ह्या वर्षी तिसऱ्यांदा लावतोय.